इंजेक्शनच्या खोलीत मी हिंदी बोलायचे

मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी आमच्या घरातून एक लेख जायचा आणि तो ह्यांचा असायचा. एखाद्या जुन्या पुस्तकावर, नाहीतर बंद पडलेल्या एखाद्या मासिकावर. पाठवण्याआधी मी शुद्धलेखन तपासून द्यायचे, एवढाच माझा वाटा. हे यंदाच्या उन्हाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं येऊन बसून गेली, आणि पावसाळा संपता संपता संपादकांचा फोन आला. "वहिनी, यंदा तुम्ही लिहा. नोकरीतले अनुभव लिहा." मी म्हटलं, माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही नव्हतं. खरं म्हणजे पुष्कळ होतं. ते कुणाला न सांगणं हाच त्या नोकरीचा मोठा भाग होता.

तरी लिहायला बसले आहे. त्यांच्याच टेबलावर. अर्धं पान झालं की थांबते.

सरकारी रुग्णालयातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर मी रायपुरातच तेलीबांधा तलावाच्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. वॉर्डात मुलं व्हायची, इथे न होणाऱ्यांची रांग असायची. माझ्याकडे इंजेक्शनची खोली होती. एक खाट, एक फ्रिज, दोन खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर. ते कॅलेंडर मी पहिल्याच महिन्यात काढून टाकलं आणि तिथे तळ्याचं चित्र लावलं. ज्या बाईला पोटात सुई टोचून घ्यायची आहे तिच्या डोळ्यांसमोर ते बाळ नको.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या औषधांनी शरीरात नवं काही तयार होतं. तसं नसतं. बाईच्या अंडाशयातली बीजं ती जन्मते तेव्हाच ठरलेली असतात. दर महिन्याला त्यातली काही वर येऊ लागतात, एखादं पिकतं, बाकीची विरून जातात. गोळ्या आणि इंजेक्शनं त्या विरून जाणाऱ्यांना जोर देतात, म्हणजे एकाच्या जागी दोन-चार पिकावीत. चाळिशीनंतर मुळात वर येणारीच थोडी असतात, आणि त्यातलीही बरीचशी पुढे टिकत नाहीत. औषधाने त्यांचं वय काही कमी होत नाही. डॉक्टर मॅडम हे प्रत्येक जोडप्याला समजावून सांगत, जोडपं मान हलवी आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरून जाई.

मीही त्यांना दोष देत नसे. उशिरा आलेल्या माणसाला उशीर झाल्याचं सांगून काय होणार?

बरीचशी इंजेक्शनं रोज घरी घ्यायची असत. ती कशी घ्यायची हे शिकवणं माझं काम. पोटावरची कातडी चिमटीत धरा, सुई सरळ जाऊ द्या, घाई करू नका. बायका एकदा बघून शिकत. पुरुषांचं वेगळं. एक धिप्पाड ठेकेदार बायकोला इंजेक्शन द्यायला शिकण्यासाठी मिशीला पीळ देत आला होता. मी स्पंजवर सुई टोचून दाखवली तर स्पंज बघूनच तो खाटेवर आडवा झाला. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, इनको बाहर बैठा दो. मैं अपना खुद कर लूंगी."

औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागे आणि एकत्र कुटुंबातला फ्रिज म्हणजे चौकच. मग बायका सांगत, मधुमेहाचं इन्सुलिन आहे. एकीच्या सासूने ते इतकं मनावर घेतलं की सणाच्या दिवशी सगळ्यांना पुरणपोळी आणि सुनेला कारल्याचा रस. ती मला सांगता सांगता हसत होती. "दीदी, बच्चा हो न हो, शुगर कभी नहीं होगी."

अशा गमती सांगत बसले तर हा लेख हसरा होईल, आणि ती खोली हसरी नव्हती. बायका सुईला क्वचितच भीत. त्या भीत ते मॅडम "नाही" म्हणतील म्हणून. वय जास्त आहे, तब्येत बरी नाही, आता औषध देण्यात अर्थ नाही, असं काही ऐकावं लागेल म्हणून. त्या भीतीने त्या काय काय लपवत! दमा लपवत, रक्तदाब लपवत. आधी दुसरीकडे घेतलेली औषधं लपवत. मॅडम विचारत तेव्हा त्या परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत.

आता माझ्या हिंदीबद्दल. रायपुरात आपण मराठी माणसं किती आणि एकमेकांना किती ओळखतो, हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगू? रेल्वे, बँका, सरकारी ऑफिसं, मंडळाचा गणपती, जयंतीचा कार्यक्रम, कुणाचं तरी लग्न. मी दवाखान्यात नवीन असताना एक मराठी बाई आत आली. मी सवयीने "या, बसा" म्हणाले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती पाणी पिऊन येते म्हणून गेली ती परत आली नाही. तिला वाटलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत साऱ्या गावाला कळणार.

त्या दिवसापासून मी मराठी बाईशी हिंदीत बोलू लागले. माझं नाव कुठल्याही प्रांतात खपेल असं आहे. बिल्ल्यावर तेवढंच लिहून घेतलं, आडनाव नाही. समोरची बाई निर्धास्त होई. आमची आया फुलबाई मला हळूच म्हणायची, "दीदी, ये तो तुंहर डहर के आय, फेर हिंदी काबर?" तुमच्याच बाजूची आहे, मग हिंदी कशाला? मी तिला डोळ्यांनी गप्प करायचे. या पद्धतीमुळे माझ्या कानावर बरंच काही पडे. नवरा-बायको माझ्यासमोर आपसात मोकळेपणाने बोलत. मी ऐकत असे आणि सुई भरत असे. बाहेर काही नेत नसे.

सुषमा आणि राजेश यांची नावं मी बदलली आहेत आणि त्या घरातून परवानगी घेऊन लिहिते आहे. सुषमा एक्केचाळीस वर्षांची होती. वडील लवकर गेले. सरकारी ऑफिसातल्या नोकरीवर तिने दोघा धाकट्या भावंडांची शिक्षणं केली, लग्नं लावली, आणि मग सदतिसाव्या वर्षी स्वतःचं लग्न केलं. राजेश उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. तो सरळ ड्यूटीवरून येई तेव्हा कॉलरच्या आतल्या बाजूला काळी रेघ असे. दोघांची घरं मूळची विदर्भातली. पहिल्याच दिवशी दारातून आत येताना तो तिला म्हणाला, "पर्स दे इकडे, सांडवशीन," आणि हरवण्याला सांडणं म्हणणारं त्यांचं गाव मला कळल्यासारखं झालं.

सुषमा मला आवडायची. एकदा रक्त घेताना म्हणाली, "दीदी, मैं सुई से नहीं डरती. अपने साहब से भी नहीं डरती. बस कैलेंडर से डरती हूं."

तपासण्या झाल्या. बीजं थोडीच उरली होती. मॅडमनी इंजेक्शनं लिहून दिली. पुढची पाळी आली की सुरू करायची होती. औषध विकत घेण्याआधी ते घ्यायचं कसं हे शिकायला दोघं माझ्याकडे आले. फुलबाई कोपऱ्यात चादरींच्या घड्या करत होती. मी स्पंजवर दाखवत होते. सुषमा वाकून बघत होती. राजेश तिच्या मागे उभा होता आणि स्पंजकडे बघतच नव्हता.

"तू मॅडमले सांगून काहून नाही राहिली?" तो म्हणाला. मराठीत, साध्या आवाजात.

"काय सांगू?"

"पायाचं."

"तू चूप बस."

"मी चूप नाही बसत. नागपूरच्या डॉक्टरनं काय म्हटलं होतं? या हार्मोनच्या गोळ्यांले जिंदगीभर हात लावायचा नाही, म्हटलं होतं का नाही?"

"त्याले तीन वर्षं झाली."

"रक्ताची गाठ होती सुषमा. फोड नोता तो."

सुषमाने माझ्याकडे बघून गोड हसून म्हटलं, "दीदी, आप बताइए, फिर क्या करना है." आणि तेच हसू चेहऱ्यावर ठेवून त्याला म्हणाली, "सांगतलं तर देतीन का ते औषध? नाही देनार. मंग मी काय करू? पन्नाशीची व्हायची वाट पाहू?"

"तुले काही झालं तर मी काय करू?"

"दुसरी कर."



पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली म्हणजे काय, हे मी वॉर्डात पाहिलेलं होतं. गाठ पोटरीत असते तोवर पाय सुजतो, दुखतो. ती सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेली तर बोलता बोलता माणसाचा श्वास अडकतो. बीजं पिकवणाऱ्या औषधांनी त्या दिवसांत अंगातली हार्मोन्स खूप वाढतात आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. ज्या बाईला आधी गाठ होऊन गेली आहे तिला हे औषध मुळीच देत नाहीत असं नाही. पण आंधळेपणाने देत नाहीत.

माझ्या हातातली सुई स्पंजमध्ये तशीच राहिली. मी आधी सोपा मार्ग धरून पाहिला. हिंदीतच विचारलं, "सुषमा जी, पहले कभी पैर में सूजन, खून का थक्का, ऐसा कुछ हुआ था?"

राजेश दचकला. ती दचकली नाही. "नहीं दीदी. मैडम ने भी पूछा था. कुछ नहीं हुआ."

"ताई," मी म्हणाले, "पायाचं मॅडमना सांगावं लागेल. आजच."

फुलबाईची चादर हातात तशीच राहिली. सुषमा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"तुम्हाले मराठी येते?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

ती उठली. पर्स घेतली. "चाल," राजेशला म्हणाली. तो माझ्याकडे काहीतरी मागितल्यासारखा बघत होता. मग तोही गेला. औषधाची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती. ती दाखवून शहरातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात औषध मिळालं असतं.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम म्हणाल्या, "आपने ठीक किया, सिस्टर. पर अब वो कहीं और जाएगी. और वहां उसकी बोली समझने वाला कोई नहीं होगा."

हे वाक्य माझ्या मनातून हलेना. मी बोलले नसते तर ती निदान आमच्या नजरेसमोर राहिली असती. काही युक्तीने, पुन्हा तपासणीच्या निमित्ताने, मॅडमना तिच्याकडून काढून घेता आलं असतं. मी बोलले आणि तिला तिथून हाकलल्यासारखं झालं. आता ती कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या सिस्टरसमोर, तसंच गोड हसून "कुछ नहीं हुआ" म्हणत असेल. आणि राजेश मागे उभा राहून मराठीत भांडत असेल आणि ते कुणाला कळत नसेल.

पुढचे दिवस फार वाईट गेले. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर मला पाठमोरी एक बाई दिसली, तशीच उंची, तशीच केसांची गाठ. मी कुकरची रिंग घ्यायला गेले होते. ती विसरून मी तिच्या मागे कापडाच्या गल्लीपर्यंत गेले. चेहऱ्याकडे मी बघतच नव्हते. तिच्या पावलांकडे बघत होते. एक पाय जड पडतो आहे का? चप्पल एका पायाला घट्ट होते आहे का? ती वळली तेव्हा कुणी तिसरीच निघाली. "क्या हुआ दीदी?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, ओळखीच्या वाटलात.

घरी ह्यांना मी पेशंटचं कधीच काही सांगत नसे आणि ते विचारत नसत. त्या दिवसांत मात्र ते मला बघत असणार. एका संध्याकाळी मी पोळ्या करता करता गॅससमोर नुसतीच उभी होते. तवा तापून धूर निघाला. ते पुस्तक मिटून आले, गॅस बंद केला आणि म्हणाले, "कोणाची तब्येत बिघडली का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "तेच तर माहीत नाही."

"माहीत नसलं की मन वाईटच धरते," ते म्हणाले, आणि स्वतः पोळी लाटायला लागले. ती पोळी कुठल्याही नकाशात बसणार नाही अशी झाली. आम्ही ती खाल्ली.

मग एके दिवशी सकाळी राजेश एकटाच आला. रात्रपाळी करून सरळ आलेला. हॉलमध्ये न बसता तो माझ्या दाराशी उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला. आता मराठीतच. "दुसरीकडं गेलो होतो. तिथंबी तिनं नाही सांगतलं. इंजेक्शनं आणून ठेवलीत फ्रिजमधी. पाळी आज-उद्या येईन, मंग सुरू करते म्हनते. मी तिले काही म्हटलं का भांडन. तुम्ही बोला तिच्याशी."

"तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं? तुम्ही तिथेच होतात."

तो खाली बघत होता. "त्या गोळ्या माह्या आईनं आणून देल्ल्या होत्या, ताई. लग्नानंतरची पयली महालक्ष्मी. घरात पन्नास मानसं जेवाले, आन् हिची पाळी नेमकी त्याच दिवशी येनार होती. आईनं म्हटलं, पुढं ढकलायच्या गोळ्या घे. हिनं घेतल्या. पावने राहिले म्हनून अजून चार दिवस घेतल्या. मंग गाडीत बसून नागपूरले गेलो आन् तिथं पाय असा झाला." त्याने दोन्ही हातांनी जाडी दाखवली. "मी तवाबी काही बोललो नाही. आता मी बोललो तर ती म्हनते, तुह्याच घरानं केलं आन् तूच अडवतं."

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे किती घरांत साखर-पत्तीसारख्या मागवल्या जातात, हे आपल्या बायकांना माहीत आहे. सण, पूजा, लग्न. बहुतेकींना काही होत नाही. म्हणूनच कुणी त्याला औषध समजत नाही.

मी तिच्या घरी जाऊ शकत नव्हते. तिथे शेजारी मंडळातलेच होते. राजेशने त्याच्या फोनवरून तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"कोन?" ती म्हणाली.

"मी दवाखान्यातली सिस्टर."

मग म्हणाली, "वा! आज मराठीत. आमचं इतके दिवस ऐकत होत्या तुम्ही. मजा येत असंन."

"नाही, मजा नाही आली."

"तुम्हाले लेकरं हायेत?"

"एक मुलगी आहे."

"मंग तुम्हाले काय समजते?"

ती बरोबर बोलत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "तुमचं दुःख मला नाही समजत, ताई. पण पायातली गाठ कुठे जाते ते समजतं. ते मी पाहिलंय."

"सांगतलं का ते नाही म्हनतीन. झालं. दार बंद."

"कुणी सांगितलं दार बंद? रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन असतं, ते सोबत देतात. औषधाचा जोर कमी ठेवतात. कधी नाहीच देता येत, तेही खरं. मी खात्री देत नाही. पण तुम्ही विचारलंच नाही ना कुणाला!"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी तोही मोजल्यासारखा ऐकत होते, धाप लागली आहे का म्हणून.

"त्याले फोन द्या," ती म्हणाली.

मी दिला. तो "हव... हव..." करत ऐकत होता. फोन ठेवून म्हणाला, "उद्या येतो म्हनते. रागात हाये, पन येते."

ती आली. मॅडमना स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, नागपूरचे कागद दाखवले. मॅडमनी तिला आधी रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्यांत महिना गेला आणि तो महिना तिला किती महाग वाटला असेल हे मला कळत होतं. नंतर मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि मीही तिथे होते. औषध देता येईल. रोज रक्त पातळ करणारं इंजेक्शन घ्यावं लागेल. धोका कमी होईल, संपणार नाही. आणि या वयात मूल राहण्याची आशा थोडीच आहे. म्हणजे थोड्या आशेसाठी थोडा धोका. हे वजन दुसऱ्या कुणी करून देऊ शकत नाही. घरी जाऊन विचार करा.

विचार करून दोघं आले तेव्हा सुषमा म्हणाली, "एकदा. फक्त एकदा." राजेश म्हणाला, "मी नाही म्हटलं होतं. लिहून ठेवा." पण इंजेक्शनाची पिशवी त्यानेच उचलली.

तिला रोज आमच्याकडेच यायला सांगितलं होतं. एका बाजूला बीजांचं इंजेक्शन, दुसऱ्या बाजूला रक्ताचं. पोटावर निळे-जांभळे डाग पडले. ते बघून ती म्हणाली, "जत्रेत गोंदून घेतल्यासारखं दिसून राहिलं." इंजेक्शन झालं की मी खाली बसायचे, तिचा डावा पाय हातात घ्यायचे, पोटरी दाबून बघायचे, दोन्ही पायांची जाडी फितीने मोजायचे. मग विचारायचे, जिना चढताना धाप? छातीत दुखलं? रात्री पाय ओढला? ती नाही, नाही, नाही म्हणायची. पण ती किती चांगलं "नाही" म्हणते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी राजेशकडे बघायचे. तो मान हलवी तेव्हाच मी उठायचे.

ती यायला उशीर झाला तर मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. एकदा तिच्या ऑफिसात कुणाचा निरोपसमारंभ होता आणि ती तासभर उशिरा आली, हातात समोश्याचा पुडा घेऊन. माझा चेहरा बघून फुलबाई तिला रागावली, "अतका बेर काबर करेस ओ!" इतका उशीर का केलास, म्हणून. सुषमा चकित झाली. तिला वाटलं, दवाखान्याची वेळ संपली असेल.

बीजं बाहेर काढली, दोनच मिळाली. त्यातल्या एकाचाच गर्भ तयार झाला. तो गर्भाशयात ठेवला. मग नुसती वाट पाहणं. रक्ताचं इंजेक्शन चालूच होतं, पाय बघणं चालूच होतं.

तपासणीचा निकाल "नाही" असा आला.

मॅडमनी सांगितल्यावर दोघं माझ्या खोलीत येऊन बसले, कारण बाहेरचा हॉल भरलेला होता. सुषमा खुर्चीवर बसली. रडत नव्हती. सवयीने मी खाली बसले आणि तिचा पाय हातात घेतला. पोटरी मऊ होती. दोन्ही पाय सारखे. आणि माझ्या मनात काय आलं असेल तर आनंद. ती मूल हरवून बसली होती आणि मी तिच्या पायाशी बसून आनंदले होते. तो आनंद तिला दाखवायचा कसा? मी मान खाली घातली.

ह्यांच्यानंतर आमच्या घरी महिनाभर माणसं येत होती. कुणी काही बोललं नाही तरी शेजारी बसून जायचं. तेव्हा मला त्या खोलीतल्या बायका आठवायच्या. त्यांच्याकडे कुणी बसायला येत नसे. गेलेल्याला नाव नसतं, भिंतीवर फोटो नसतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं.

"मॅडम म्हनतात, पाहिजे तर अजून एकदा करता येईन," सुषमा म्हणाली. "हा तर नाहीच म्हनते. तुम्ही काय म्हनता?"

सिस्टरने असं काही म्हणायचं नसतं. मी म्हटलं, "ते मी नाही सांगणार. पण एक सांगते. तुम्ही रोज आत यायच्या आधी मला घाम फुटायचा. तुमचा पाय हातात घेताना मी श्वास धरून ठेवायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मले वाटलं, मी एकटीच भिऊन राहिली."

"तू भेत होती?" राजेश म्हणाला. "तू तर म्हनत होती, दुसरी कर."

"मंग काय सांगू तुले? तू तर पाल पाहून खुर्चीवर चढतं."

फुलबाईला मराठी थोडं थोडं कळू लागलं होतं. तिने तोंडावर पदर धरला. सुषमाही हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. राजेश तिच्यासमोर उभा राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता, सगळे केस विस्कटत. ती बराच वेळ रडली. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही. दाराबाहेरून कुणीतरी "सिस्टर, और कितनी देर?" असं ओरडलं. फुलबाईने जाऊन दाराला पाठ लावली.

शेवटी सुषमाने नाक पुसलं, चपला शोधल्या आणि म्हणाली, "बास. आता नाही करत, राजेश. बास." मग जरा थांबून, "आज डबा नाही केला. बाहेरच खाऊ काही."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती कठड्याला धरून हळूहळू उतरत होती. तो दोन पायऱ्या मागे, नजर तिच्या डाव्या पोटरीवर. खाली पोचल्यावर ती वळली.

"चाल ना. पाहून काय राहिला?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि पाहतच राहिला.